भोंगाकाका आणि हत्तीची छत्री

आपल्याला भोंगा म्हणतात याचा भोंगाकाकांना कधी राग आला नाही. उलट कोणी नव्याने ओळख करून घ्यायला आलं, की तेच सांगायचे, "नाव कशाला हवंय, भोंगा म्हणा, गल्लीत कोणीही घर दाखवेल." आणि दाखवायचंच. शहराच्या मोठ्या बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात त्यांनी उभी हयात घालवली होती. फलाट अमुक, गाडी तमुक, प्रवाशांनी आपापल्या सामानाची काळजी घ्यावी. पायाशी पिशव्या घेऊन बाकावर बसून ज्याने तो आवाज ऐकला नाही, असं माणूस त्या शहरात सापडणं कठीण. चेहरा मात्र कोणाच्याच ओळखीचा नव्हता. बेकरीत जाऊन काकांनी "एक पाव द्या" म्हटलं, की रांगेतली माणसं दचकून घड्याळाकडे बघायची.

आवाज कसा, तर इस्त्री केलेल्या चादरीसारखा. सुरकुती म्हणून नाही. गाडी वेळेवर आली तरी तोच, उशिरा आली तरी तोच आणि रद्द झाली तरी तोच. नोकरीला लागले तेव्हा साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हे बघ, तुझ्या आवाजात काळजी दिसली की लोक धावत सुटतात. आनंद दिसला की खिडकीवर गर्दी करतात. तू आपला सांगून मोकळा हो." काकांनी ते इतकं मनावर घेतलं, की घरीही तो सपाटपणा सुटेना. लग्नाआधी बायकोला "तू मला आवडतेस" हे त्यांनी ज्या सुरात सांगितलं, त्यावर ती बाई जन्मभर हसत राहिली. "मला वाटलं, जरा मागे सरकून उभी राहा म्हणताहेत," असं ती चारचौघांत सांगायची आणि काका गोरेमोरे व्हायचे. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

निवृत्तीच्या जरा आधी स्थानकावर कॉम्प्युटर आला. काकांना एका बंद खोलीत बसवून त्यांच्याकडून गावांची नावं, आकडे, 'येथून', 'सुटेल', 'उशिराने' असं सगळं सुटं सुटं बोलून घेतलं. यंत्र ते तुकडे हवे तसे जोडणार आणि घोषणा करणार. तिथे काकांनी जी कमाल केली, ती दुसऱ्या कोणाला जमली नसती. त्यांचा 'पाच' वाक्याच्या सुरुवातीला टाका, मध्ये टाका, शेवटी टाका, सांधा म्हणून कळायचा नाही. रेकॉर्डिंग करणारा म्हणाला, "काका, तुम्ही माणूस आहात की मोजपट्टी?" काकांच्या लेखी ती आयुष्यातली सगळ्यात मोठी शाबासकी होती. पुढे ते घरी बसले, आवाज मात्र कामावरच राहिला.

अशा माणसाच्या लेकीनेही शेवटी आवाजाचाच उद्योग मांडला. ती कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायची. नवरा कामासाठी समुद्रापलीकडे गेला आणि ती आपल्या मुलीला घेऊन बापाकडे राहायला आली, तिथून हे सगळं सुरू झालं. नवरा मुलीसाठी झोपायच्या वेळच्या गोष्टी रेकॉर्ड करून पाठवायचा. आता मुलगी म्हणजे कोण, तर भिंगरी! एका जागी बसेल तर शपथ. गोष्टीत ससा निघाला रे निघाला, की हिचं "कोणता ससा? कुठे राहतो? त्याची आई कुठाय?" आणि फोनमधला बाप बिचारा थांबायचाच नाही, ससा घेऊन आपला पुढे. "पप्पा ऐकतच नाहीत माझं!" असं म्हणून ती फोन उशीखाली कोंबायची. तिची आई एके दिवशी ते बघत उभी राहिली आणि तिच्या डोक्यात आलं, की ऐकून घेणारी गोष्ट करता आली तर?

मग तिने एक जोडीदार गाठला. दिवसभर की-बोर्ड बडवणारा, खाणंपिणं विसरणारा. त्याचं नाव पडलं टकटक्या. लाँड्रीच्या वरची एक खोली त्यांना मिळाली. खालून दिवसभर वाफेचा फुसफुसाट, वर भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले आणि खिडकीला जुनं ब्लँकेट. तिथे त्या दोघांनी जे घडवलं त्याला काहीतरी झोकदार नाव ठेवायचं चाललं होतं, पण सगळे त्याला डबाच म्हणायचे. दिसायलाही डबाच, वरून कापडाने मढवलेला.

डब्याचं काम असं. घरातल्या माणसाने फोनवरच्या ॲपमध्ये आपल्या आवाजात गोष्ट सांगून ठेवायची. पोरं हमखास जे विचारतात त्याची उत्तरंही आधीच बोलून ठेवायची. पोराने अंथरुणातून हाक मारली की गोष्ट सुरू. पोर मध्ये बोललं की डबा थांबणार, प्रश्न ऐकणार आणि ठेवलेल्या उत्तरांतलं लागू पडेल ते त्याच माणसाच्या आवाजात देणार. उत्तर नसेलच, तर "थांब हं, विचार करून उद्या सांगतो," हेही त्याच आवाजात. मग तो प्रश्न, पोराच्या तोंडचा जसाच्या तसा, त्या माणसाच्या फोनवर जायचा. त्याने उत्तर बोलून ठेवलं, की पुढच्या वेळी डबा ते न विसरता सांगायचा.

लेकीचा एकच हट्ट होता. माणूस जे बोललंच नाही, ते त्याच्या तोंडी घालायचं नाही. टकटक्या यावर डोकं आपटायचा. "अगं, यंत्राला आवाज शिकवू या ना! वाट्टेल ते बोलेल! एकेका घराकडून इतकी उत्तरं कोण बोलून घेणार? पोरं काय कमी प्रश्न विचारतात?" त्यावर लेक म्हणायची, "कमी उत्तरं असतील तर असू देत. पण खोटा बाप पोरांच्या उशाशी ठेवणार नाही मी." बापासारखीच अडून बसायची ती, फक्त हिचा आवाज चढायचा.

डबा चालायला लागला आणि तेवढ्यात जावयाचा फोन आला. तिकडे घर मिळालं होतं, शाळाही ठरली होती. या आता. लेकीला काम तिथूनही करता येणार होतं. तिने काकांना सांगितलं तेव्हा ते ताटल्या पुसत होते. "छान झालं," काका म्हणाले. म्हणजे फलाटावर गाडी लागली आहे, इतक्याच सुरात. लेक कपडे आवरायला निघून गेली.

आता काकांच्या पोटात काय चाललं होतं ते सांगायलाच हवं, कारण ते स्वतः काही सांगणार नव्हते. भिंगरी त्यांच्या घरात चालायला शिकली होती, त्यांच्या चपला पायात अडकवून घरभर फिरली होती. तिला शाळेत पोहोचवणं, तिच्या बुटांच्या नाड्या बांधणं, तिने न खाल्लेल्या पावाच्या कडा गुपचूप स्वतः खाऊन टाकणं, ही सगळी कामं काकांची. गोष्ट मात्र त्यांनी एकदाही सांगितली नव्हती. ते खातं आईचं. आणि फोनवर बोलायचं म्हटलं तर भिंगरी कोणाशीच धड बोलायची नाही. बापालासुद्धा "हॅलो" म्हणून नाक दाखवायची आणि पळून जायची. तिथे आजोबाची काय कथा! ती इतकीशी होती. वर्ष सरेल, दुसरं सरेल, आणि मग हे कोण पांढऱ्या मिशांचे गृहस्थ, असं आईला विचारेल. विसरेल ती आपल्याला. काका ताटल्या परत परत पुसत राहिले.

म्हणून लेक जेव्हा म्हणाली, "बाबा, जायच्या आधी डब्यात तुमची एक गोष्ट हवी मला, भिंगरीसाठी," तेव्हा काकांना बुडताना काठ दिसल्यासारखं झालं. गोष्ट त्यांच्याकडे होती. स्थानकावर हरवलेल्या वस्तूंची एक खोली होती. तिथे छत्र्या, एकेकटे बूट आणि एकदा तर चक्क दातांची कवळी आली होती. त्यातली एक छत्री इतकी अवाढव्य होती, की ही हत्तीचीच असणार, असं सगळे म्हणायचे. तर एक हत्ती, त्याची छत्री बसमध्ये राहिली आणि तो ती शोधत स्थानकावर आला. झाली गोष्ट.

पण काका साधेपणाने गोष्ट सांगून मोकळे झाले असते, तर पुढचं काही घडलंच नसतं. त्यांनी टकटक्याची रडगाणी ऐकली होती. उत्तरं कमी पडतात. आणि माणूस बोललं नाही ते बोलवायचं नाही. काकांना वाटलं, अरे, हे तर माझंच काम! आपण सगळे शब्द सुटे बोलून ठेवू. यंत्र जोडेल. भिंगरी काही का विचारेना, उत्तर तयार. आणि शब्द न् शब्द आपल्याच तोंडचा, म्हणजे लेकीचा हट्टही राहिला. स्वतःच्या हुशारीवर ते इतके खूश झाले, की रस्त्याने एकटेच मान डोलवत घरी आले.

लेकीने सांगून ठेवलं होतं, की घरात रेकॉर्डिंग करायचं तर कपड्यांच्या कपाटात बसावं, कपडे घुमणारा आवाज पिऊन टाकतात. काकांनी ते तंतोतंत पाळलं. भिंगरी शाळेत गेली, की ते बूट काढून कपाटात शिरायचे, कोटांच्या मध्ये स्टूल टाकायचे आणि दार ओढून घ्यायचे. आतून ऐकू यायचं, "हत्ती. छत्री. छत्रीत. छत्रीखाली. होय. नाही. कदाचित. सोंड. सोंडेने. सोंडेपाशी." शेजारीण एकदा वाटीभर साखर मागायला आली, तर घरात चिटपाखरू नाही आणि कपाट म्हणतंय, "नाही. नाही. नाही." साखर न घेताच गेली बिचारी.

शब्दांचा तो ढीग घेऊन काका लाँड्रीच्या वरच्या खोलीत गेले, तेव्हा टकटक्या खुर्चीवरून उडालाच. "काका! अहो काका! हे काय सोनं आणलंत तुम्ही!" त्याने तिथल्या तिथे तुकडे जोडून बघितले. डबा म्हणाला, "हत्ती छत्रीखाली झोपला नाही." मग म्हणाला, "छत्री हत्तीपाशी आली." कुठे खाच नाही, खोच नाही. टकटक्या काकांना मिठी मारायचाच बाकी राहिला. लेक मात्र हाताची घडी घालून ऐकत होती. "शब्द सगळे तुमचेच आहेत," ती सावकाश म्हणाली. "आज घरी लावून बघू या." काकांना वाटलं, हिला बोलायला सुचत नाहीये, इतकं आवडलंय.

त्या दिवशी जेवणं लवकर उरकली. भिंगरी अंथरुणात, उशाशी डबा, आई पायथ्याशी. काका दाराआड उभे. भिंगरीने मोठ्या ऐटीत हाक मारली, "आजोबा, गोष्ट!" आणि डबा बोलू लागला. हत्ती स्थानकावर आला. हत्तीची छत्री हरवली होती. हत्तीने चौकशी केली.

भिंगरी कधी नव्हे ती गप्प. काकांना वाटलं, गुंगली पोर. मग ती हळूच म्हणाली, "आजोबा, तुम्ही रागावलात?"

डब्याने क्षणभर शोधलं आणि उत्तर दिलं. "नाही."

"माझ्यावर रागावलात?"

"नाही."

असा 'नाही', की भल्याभल्यांची पाचावर धारण बसावी. भिंगरीचा ओठ खाली आला. "मी काय केलं?" ती म्हणाली, आणि डबा विचार करून उद्या सांगणार होता. मग जो काही टाहो फुटला म्हणता! तिने डबा उचलला, धावत जाऊन बुटांच्या कपाटात टाकला आणि दार लावून त्यावर पाठ टेकून उभी राहिली. "मला नको हा! मी नाही नेणार! आजोबा चिडलेत माझ्यावर, मी चाललेय म्हणून!" आईने तिला उचलून घेतलं, थोपटलं, समजावलं. ती हुंदके देत देत झोपली.

काका स्वयंपाकघरात येऊन बसले. आधी त्यांना पोरीचाच राग आला. एवढी मेहनत केली, आणि म्हणे चिडलेत! मग टकटक्याचा आला, मग यंत्राचा. लेक आली, समोर खुर्ची ओढून बसली. "बाबा," तिने विचारलं, "रागावलात का हो तुम्ही?"

"नाही," काका म्हणाले. आणि तो 'नाही' त्यांनी स्वतः ऐकला. हुबेहूब डब्यातला.

आता काय झालं ते काकांना स्वतःलाही नीट सांगता यायचं नाही. त्यांनी टेबलावर हात आपटला. "होय! रागावलोय! काय रागवायचंही नाही का मी? तू जातेस, तिला नेतेस, जा ना! जायलाच हवं, तिला बाप हवाय, तुला नवरा हवाय, मला काय कळत नाही? पण शाळेतून येताना मी कोणाचं दप्तर धरू? त्या कडा कोण खाणार? मी मूग गिळून बसलोय म्हणून मला काही होतच नाही असं वाटतं तुम्हाला? विसरेल ती मला! साफ विसरेल! त्या डब्यासाठी मी कपाटात बसून घसा फोडला, का, तर माझं काहीतरी तिच्यापाशी राहावं म्हणून. आणि ती म्हणते, चिडलेत!" आवाज मध्येच फाटला, वर गेला, खाली आपटला. शेवटचा शब्द तर धड बाहेरच आला नाही.

लेक रडत होती आणि हसतही होती. "बाबा, किती वर्षांची झाले मी! तुमचा हा आवाज आज पहिल्यांदा ऐकला." तिने त्यांचे दोन्ही हात धरले. काकांना इतकं ओशाळल्यासारखं झालं, की ते पाणी प्यायला उठले, आणि पेला तोंडाला लावूनच उभे राहिले.

सकाळी भिंगरी नाश्त्याला बसली. काकांकडे बघेना. काकांनी खुर्ची तिच्याजवळ नेली आणि घसा खाकरला. "हे बघ. मी रागावलो होतो, हे खरं आहे. पण तुझ्यावर नाही. तू जाणार, मला करमणार नाही, म्हणून."

भिंगरीने पावाची कड काढून त्यांच्या ताटलीत ठेवली. "मग रडायचं ना," ती म्हणाली. "राग कशाला करायचा?"

काकांनी कड खाल्ली.

"कपाटात बसून काय करत होतात तुम्ही?" भिंगरीने विचारलं. शेजारणीने बातमी सगळीकडे पोहोचवलेलीच होती.

"ये, दाखवतो," काका म्हणाले.

दोघं कपाटात शिरली. स्टुलावर काका, बुटांच्या खोक्यावर भिंगरी, डोक्यावर कोटांच्या बाह्या. काकांनी फोनचं बटण दाबलं आणि हत्तीची गोष्ट सांगायला घेतली. कसली सांगतात! पहिल्याच वाक्याला भिंगरी म्हणाली, "हत्तीला छत्री कशाला? भिजला तर काय होतं त्याला?" काकांनी याचा विचारच केला नव्हता. ते म्हणाले, "अगं, त्याची नाही, त्याच्या आईची होती." "आई ओरडेल त्याला?" "ओरडेल म्हणजे! हत्तीण ती, सगळं स्थानक हलेल!" आणि काका हत्तिणीसारखे ओरडले. भिंगरी खिदळत कोटावर लोंबकळली, कोट हँगरसकट खाली आला, काका त्याच्या आत. "थांब गं, थांब जरा, नाकात लोकर गेली," असं म्हणत त्यांना शिंक आली, मग दुसरी आली. मधेच गोष्ट विसरले. "मी कुठे होतो?" "कोटात!" भिंगरी म्हणाली, आणि दोघंही इतकी हसली, की लेकीने बाहेरून दार वाजवलं. शेवटी छत्री सापडली की नाही, हे दोघांनी भांडून ठरवलं. काकांचं म्हणणं, सापडली. भिंगरीचं म्हणणं, सापडली पण हत्तीने ती तिथेच ठेवली, दुसऱ्या कोणाला लागली तर. भिंगरीचं राहिलं.

टकटक्याने ते रेकॉर्डिंग ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "काका, आवाज जागोजागी फाटलाय. शिंका आहेत. मध्ये कोणीतरी पडलंय! यातलं यंत्राने काय जोडायचं? आणि पहिले ते सोन्यासारखे तुकडे पुसून टाकू म्हणता?"

"पूस," काका म्हणाले.

"उत्तरं फारच थोडी उरतील मग."

"उरू दे. नाही आलं उत्तर, तर मला विचारेल ती. मी कुठे कामावर जातोय!"

निघायच्या दिवशी भिंगरीने डबा आपल्या पाठपिशवीत स्वतःच्या हाताने ठेवला, वर मोजे कोंबले, आणि पिशवी कोणालाही धरू दिली नाही. विमानतळाच्या काचेच्या दारापाशी तिने काकांना वाकायला लावलं, गळ्यात पडली, आणि लगेच सामानाच्या गाड्या बघायला पळाली. लेक मात्र बराच वेळ त्यांना धरून उभी होती. काका बसने घरी आले. ते रडले. अगदी मोकळेपणाने, खिडकीशी बसून, आणि शेजारच्या प्रवाशाने कागदी रुमाल दिला तो घेऊन नाकही पुसलं.

घर खायला उठतं म्हणजे काय, ते त्यांना पुढच्या दिवसांत कळलं. जेवण एकट्याचं, खुर्च्या गप्प. झोप तर अशी रुसली, की पडल्यापडल्या छत बघत राहायचं. तिकडे रात्र झाली की इकडे सकाळ. काका उठले की आधी फोन बघायचे. पहिल्यांदा काहीच नाही. ती मंडळी अजून सामान सोडत होती. मग लेकीचा निरोप आला, "गोष्ट लावली. शिंकेला हसली. झोपली." काका तो निरोप घेऊन बेकरीत गेले आणि पाव न घेताच परत आले.

आणि मग एका सकाळी फोन वाजला. डब्याकडून पहिला प्रश्न आला होता. त्यांनी कानाशी धरला. आधी पांघरुणाची खसखस, मग भिंगरीचा पेंगुळलेला आवाज, "आजोबा, तुम्हाला रात्री गोष्ट कोण सांगतं?" पाठोपाठ त्यांचाच आवाज, "थांब हं, विचार करून उद्या सांगतो." मग काही नाही.

हा प्रश्न त्यांना आजवर कोणी केला नव्हता. त्यांनी ॲप उघडलं, बटण दाबलं आणि म्हणाले, "कोणी सांगत नाही." ऐकून बघितलं. बस रद्द झाल्याची घोषणाच वाटत होती. पुसलं. मग म्हणाले, "मोठ्या माणसांना गोष्ट लागत नाही." हे तर धडधडीत खोटं, तेही पुसलं. खिडकीपर्यंत गेले, परत आले, बटण दाबलं, आणि काही न ठरवता बोलून गेले, "कोणी नाही गं. तुझी आजी होती तेव्हा ती काहीबाही बोलत राहायची आणि मी झोपायचो. आता कोणी नाही, आणि मला झोपही येत नाही लवकर. तू... तू सांगशील का मला एखादी?" मध्ये आवाज हलला. तो काढून टाकावा असं वाटायच्या आत त्यांनी पाठवून दिलं.

दिवस कसा गेला ते त्यांचं त्यांना ठाऊक. दुसऱ्या सकाळी चहा ठेवला आणि फोन वाजला. या वेळी प्रश्न नव्हता. लांबलचक रेकॉर्डिंग होतं.

"आजोबा, पडलात का? आधी पडा. पांघरूण घ्या. घेतलं?"

काकांनी गॅस बंद केला. भर उजेडात, अंगावर बाहेरचे कपडे तसेच, ते पलंगावर आडवे झाले आणि पांघरूण ओढून घेतलं. फोन उशीवर ठेवला.

"आता डोळे मिटा. हं. एक होती उशी. तिच्यावर सगळे झोपायचे, पण तिला स्वतःला झोपच यायची नाही. का माहितीये? कारण तिला उशीच नव्हती. मग ती निघाली. जिन्याने खाली गेली, धप, धप, धप. मग तिला एक कुत्रा भेटला. तो म्हणाला, मी होतो तुझी उशी. पण तो सारखा हलत होता..."

भिंगरी सांगत होती, मध्ये जांभई देत होती, मागून तिची आई हळूच काही सुचवत होती आणि भिंगरी तिला "तू नको गं बोलूस" म्हणत होती. उशी कुत्र्याला सोडून पुढे निघाली, एका पुलावर आली. पुलाखाली पाणी होतं. पाणी म्हणालं...

संध्याकाळी काकांनी घसा साफ केला, बटण दाबलं, आणि जरा लाजतच बोलले, "भिंगरी, पुलापर्यंत ऐकलं गं. पुढे पाणी काय म्हणालं ते कळलंच नाही, मला झोप लागली. दुपारी उठलो! आज परत सांग."